गावाचा घेर मोजताना

आशाताईंच्या पिशवीत एक मोजपट्टी असते. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाच्या कमरेचा घेर घ्यायचा आणि ‘सी-बॅक’ नावाच्या फॉर्मवर मांडायचा. बाईचा घेर ८० सेंटिमीटरपर्यंत आणि पुरुषाचा ९० पर्यंत असला तर शून्य गुण. त्यावर गेला की एक, आणखी दहाने वाढला की दोन. मग वय, तंबाखू, दारू, आईवडलांना बीपी-शुगर होती का, आठवड्याला १५० मिनिटं तरी अंग हलतं का. बेरीज चारच्या वर गेली की त्या माणसाला तपासणीला आधी बोलवायचं. फॉर्म साधा आहे, उपयोगाचा आहे. त्यामुळे कितीतरी जणांचा आजार वेळेत सापडला, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पण तो माणूस ज्या गावात राहतो त्या गावाची जडणघडण विचारणारा एकही रकाना त्यात नाही.

कराडजवळच्या एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या सामुदायिक आरोग्य विभागात मी वैद्यकीय समाजसेविका म्हणून वीसेक वर्षं काम केलं. विद्यार्थ्यांना घेऊन गावोगाव फिरायचं, पाहण्या करायच्या, आशाताई आणि नर्सबाईंबरोबर शिबिरं लावायची, हे रोजचं काम. पहिली कितीतरी वर्षं मी माणसं मोजली. नंतर गावं मोजायला लागले. एखादं गाव आपल्या माणसांना नीट खायला, चालायला-फिरायला, व्यसनापासून लांब राहायला कितपत साथ देतं, हे मोजायचं. या दुसऱ्या कामानं जे शिकवलं, ते नव्यानं या क्षेत्रात येणाऱ्या मुलामुलींना कुणीतरी सांगायला हवं, म्हणून हे लिहिते आहे.

आमचा भाग सुखवस्तू. कृष्णा-कोयनेचं पाणी, काळी जमीन, एका अंगाला यशवंतनगरचा सह्याद्री कारखाना, दुसऱ्या अंगाला रेठऱ्याचा कृष्णा. दूध आहे, रस्ते आहेत, कॉलेजं आहेत. तरी ओपीडीत शुगर आणि बीपीची रांग वर्षागणिक वाढतच गेली. आयसीएमआर-इंडियाब पाहणीचे आकडे २०२३ साली आले, त्यात देशातल्या ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह आणि ३५.५ टक्क्यांना उच्च रक्तदाब असल्याचं दिसलं. आम्हाला त्याचं नवल वाटलं नाही. आम्ही ती माणसं नावानिशी ओळखत होतो.

एका नदीकाठच्या गावात पन्नाशीच्या एका मावशींना डॉक्टरांनी रोज अर्धा तास चालायला सांगितलं होतं. तीन महिन्यांनी शुगर वाढलेलीच. आमच्या विद्यार्थ्यानं पुन्हा तोच सल्ला दिला, तेव्हा मावशी म्हणाल्या, “कुटं चालू, ते बी सांगा की. सकाळी नळाला पानी येतंय. रस्त्याच्या दोन्ही अंगाला ऊस, मधनं ट्रॅक्टर. सांजचं पारावर गडी बसल्यात. आन् दिसभर रानात खुरपते, ते काय मोजत न्हाई व्हय तुमी?” विद्यार्थ्यानं फॉर्मवर लिहिलं, ‘सल्ला पाळत नाही.’ मुलगा मनाचा चांगला होता. त्याच्या फॉर्मवर दुसरं काही लिहायला जागाच नव्हती.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी त्या मावशींबरोबर चालले. घरापासून डांबरी रस्त्यापर्यंत गटाराच्या कडेची दोन माणसं मावतील अशी बोळ. डांबरीवर आलो की कारखान्याला निघालेल्या ट्रॉल्या, एकामागे दोन जोडलेल्या, वरचा ऊस दोन्ही बाजूंना लोंबतोय. ट्रॉली आली की बाजूपट्टीवर उतरायचं, आणि बाजूपट्टी म्हणजे पाचटाचा आणि चिखलाचा थर. वळणापलीकडे विजेचा खांब होता, पण दिवा लागत नव्हता. मावशी तिथून परत फिरल्या. “याच्या फुडं एकटी जात न्हाई,” म्हणाल्या. त्यांचा गुडघा, त्यांची शुगर, त्यांचा आळस असं काहीबाही आम्ही आजवर फाइलीत लिहीत आलो होतो. त्या वळणापाशी मला त्यांच्या फाइलीतलं खरं कारण दिसलं, आणि माझ्या कामाची दिशा तिथून बदलली.

हा विचार जगाला नवा नाही. नोव्हेंबर १९८६ मध्ये कॅनडातल्या ओटावा इथं जागतिक आरोग्य संघटनेच्या परिषदेत एक सनद मंजूर झाली. आरोग्याला पूरक परिस्थिती घडवावी, चांगली निवड ही सोपी निवड व्हावी, असं तिचं सांगणं आहे. त्यानंतर परदेशात गल्ल्या, दुकानं, फुटपाथ मोजायच्या पद्धती निघाल्या. अशा काही प्रश्नावल्या आमच्या विभागात आल्या, आम्ही त्या उत्साहानं उघडल्या. दुकानात कमी सायीचं दूध आहे का, अख्ख्या गव्हाचा पाव आहे का, साखरेविना शीतपेय आहे का! आमच्या गावात दूध गोठ्यातून येतं आणि पाव बेकरीचा टेम्पो टाकून जातो. ते प्रश्न इथं चालणारे नव्हते. मग आशाताई, दोन बचत गटांच्या बायका, एक निवृत्त गुरुजी आणि आम्ही असे बसून आमचंच ‘गावपत्रक’ तयार केलं. पुढची सगळी वर्षं ते दुरुस्त होत गेलं.

पहिला रकाना दुकानाचा. शाळेजवळच्या दुकानात आम्ही जमिनीवर गुडघे टेकून बसलो आणि तिसरी-चौथीच्या पोराच्या डोळ्यांच्या उंचीला काय टांगलं आहे ते पाहिलं. पाच रुपयांच्या पुड्यांच्या माळा, रंगीत कुरकुरीत काहीतरी, गोळ्यांच्या बरण्या. शेंगदाणे आणि फुटाणे होते, पण आत, पोत्यात, किलोवर. पाच रुपयांत पोराला काय काय घेता येतं, हा प्रश्न आम्ही पत्रकात घातला आणि तो शेवटपर्यंत सगळ्यांत बोलका ठरला. दुकानदाराला विचारलं, “अण्णा, केळी का ठेवत नाही?” ते म्हणाले, “घड आणला तर चार दिसात निम्मी केळी काळी पडत्यात. ती कुनी घेत न्हाई. पुडी म्हैनोन् म्हैनं टांगून ठेवा, आन् कंपनीचं पोरगं दुकानात आणून देतंय.” त्यात खोट काढावी असं काही नव्हतं. दुकानदार गावाचा शत्रू नसतो, त्याचंही नफ्या-तोट्याचं गणित असतं. ते समजून न घेता त्याला उपदेश करणाऱ्यांना दुकानदार चहा पाजतो आणि वाटेला लावतो.

त्या गावात बचत गटानं शेंगदाण्याची चिक्की आणि राजगिऱ्याचे लाडू पाच रुपयांना पुरवायला सुरुवात केली. उरलेला माल परत घ्यायचा, ही अट गटानंच मान्य केली. तोटा अण्णांच्या गळ्यात नाही म्हटल्यावर बरणी गल्ल्याशेजारी आली. शाळा सुरू असेपर्यंत ती खपत असे. मे महिन्यात पाहुण्यांची पोरं आली की पुड्यांच्या माळा पुन्हा पुढे यायच्या, बरणी मागे जायची. दर जूनला आम्ही पुन्हा मोजायचो, पुन्हा बोलायचो. कायमचं काही झालं नाही. पण बरणी गेली नाही, इतकं झालं.

शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायची नाही, असा २००३ चा कायदा आहे. शंभर यार्ड म्हणजे साधारण ९१ मीटर. सगळ्यांना कायदा ठाऊक होता, अंतर कुणी मोजलं नव्हतं. आम्ही सातवीच्या मुलांना शेतमोजणीचा टेप दिला आणि फाटकापासून ताणायला सांगितला. टेप संपायच्या आधीच टपरी आली. ती ज्यांची होती त्या नानांचा एक हात कडबाकुट्टीत गेलेला. त्यांच्या पोटावर पाय द्यावा असं कुणालाच वाटत नव्हतं, म्हणून वर्षानुवर्षं सारा गाव कानाडोळा करत आला होता. मुलांनी टेप गुंडाळून आणला आणि आकडा फळ्यावर लिहिला, तेव्हा कानाडोळा करणं अवघड झालं. ग्रामपंचायतीनं एसटी थांब्याजवळ जागा दिली, नानांनी तिथं टपरी हलवली आणि चहा सुरू केला. गायछाप तिथंही मिळते. पण मधल्या सुट्टीत पोरांच्या पायाखाली ती येत नाही. दोष न देता जागा बदलणं, हे मी नानांच्या टपरीकडून शिकले.

मोजणाऱ्याला कसं विचारावं तेही शिकावं लागतं. तंबाखू खाता का, असं बायकांना विचारलं की आळीच्या आळी ‘न्हाई’ म्हणायची. आणि त्याच दारात, त्याच वेळी, तव्यावर भाजलेल्या तंबाखूचा खाट नाकात जायचा. मशेरी हे बायकांच्या लेखी व्यसन नाही. दाताला लावायची, पोट साफ होतं, सासूनं लग्नानंतर शिकवली. एका आशाताईनं प्रश्न फिरवला: “मावशी, सकाळी मशेरी कितींदा लावता?” खरी उत्तरं तेव्हा मिळाली. पण त्याहून मोठी गोष्ट पुढे कळली. मशेरी सोडायची म्हणणाऱ्या बाईला साथ कोण देतं? घरात सासू लावते, जाऊ लावते, सकाळच्या वेळी दोन घटका निवांत मिळतात त्या मशेरीमुळेच. म्हणून पत्रकात आम्ही असा प्रश्न घातला, की मशेरी सोडलेली बाई तुमच्या आळीत आहे का, आणि ती दुसरीला सांगते का. जिथं अशी एक जरी बाई होती, तिथं दुसरी सापडायला वेळ लागला नाही.

रस्त्याच्या रकान्यानं आम्हाला फार मोठा धडा दिला. एका गावात चालण्याजोगा रस्ता आहे का, याला गावातल्या पुरुषांच्या गटानं भरघोस गुण दिले. धरणाच्या कालव्याकडेची वाट, दुतर्फा झाडं, पहाटे तरणी पोरं भरतीच्या तयारीला तिथंच पळतात. त्याच वाटेला बायकांच्या गटानं जवळजवळ शून्य दिलं. पाचनंतर तिथं बाटल्या घेऊन पोरं बसतात, आडोशाला जायला जागा नाही, कुत्री सुटलेली असतात, आणि एकदा एका मुलीची कुणीतरी वाट अडवली होती. ती गोष्ट पोलीस पाटलालाही ठाऊक नव्हती, बायकांना मात्र सगळ्यांना ठाऊक होती. तेव्हापासून आम्ही बायकांचं पत्रक वेगळं भरून घ्यायला लागलो, आणि दोन्हींची सरासरी काढायची नाही असं ठरवलं. सरासरी काढली की बायकांचं म्हणणं पुरुषांच्या गुणांखाली गाडलं जातं. एका गावात दोन गावं नांदतात, आणि दोन्ही कागदावर आली पाहिजेत.

वाट असली तरी वेळ हवा. हे मलकापूरनं दाखवून दिलं. कराडला खेटून असलेल्या या गावानं घरोघर मीटर बसवून चोवीस तास पाणी दिलं आणि त्या योजनेचं नाव देशभर झालं. लोक पाण्याची बचत, पट्टीची वसुली याविषयी बोलतात, ते योग्यच आहे. मी पाहिलं ते वेगळं. नळाची वेळ गाठायची नसलेल्या बायकांचा सकाळचा तास मोकळा झाला होता. आमच्या योगवर्गाला तिथल्या बायका वेळेवर येत. ज्या गावात पाणी सहाला यायचं, तिथं सहाचा वर्ग कधी भरला नाही. कळशीची रांग हा आरोग्याचा विषय आहे, हे मी तोवर पुस्तकात वाचलेलं नव्हतं.

खाण्याचं मोजमाप घराघरात जाऊन करणं कठीण आणि थोडं अपमानाचंही. कुणी आपला डबा उघडून दाखवावा? मग आम्ही गिरणीत बसायला लागलो. पिठाची गिरण म्हणजे गावाच्या ताटाचा आरसा. गिरणीवाले तात्या सांगत, पूर्वी दिवसभर ज्वारीचं दळण चालायचं आणि गव्हासाठी संध्याकाळची वेळ ठेवलेली असायची. आता गहूच दिवसभर, ज्वारीला दोन दिवस ठरवून दिले आहेत. रानात ऊस आला, शाळू गेला. रेशनवर गहू-तांदूळ मिळतो, ज्वारी विकत घ्यावी लागते आणि ती गव्हाहून महाग पडते. डॉक्टर म्हणतात, भाकरी खा. भाकरी खायला ज्वारी कुठून आणायची, किती रुपयांनी आणायची आणि गिरणीत कधी दळायची, इथवर डॉक्टरांचा सल्ला पोहोचत नाही. एका बचत गटानं सुगीत माण-खटावकडून एकत्र शाळू आणला आणि घरोघर वाटून घेतला. तात्यांनी ज्वारीचा तिसरा दिवस सुरू केला. गावपत्रकावर तो एक गुण वाढला, तेव्हा गुण मिळाल्याचा आनंद तात्यांना झाला.

चहाचं मात्र गिरणीसारखं सोपं नव्हतं. आमच्या भागात दारात आलेल्याला चहा दिल्याशिवाय सोडणं म्हणजे अब्रूचा प्रश्न. आशाताई दिवसाला पाच-सात घरं फिरते, पाच-सात कप पोटात जातात, आणि साखर आधीच पातेल्यात पडलेली. नको म्हटलं तर समोरची बाई दुखावते. एका गटाच्या बायकांनी ठरवलं, महिन्याच्या बैठकीत चहा बिनसाखरेचा करायचा आणि साखरेची वाटी वेगळी ठेवायची. ज्याला हवी त्यानं घ्यावी. कुणाला नाही म्हणावं लागत नाही, कुणाचा मान जात नाही. ही युक्ती पुढे हळदी-कुंकवाला गेली, मग एका पतसंस्थेच्या सभेला. पत्रकात आम्ही ओळ घातली: सार्वजनिक कार्यक्रमात साखर वेगळी असते का, आणि ताकाची सोय असते का. पहिल्यांदा वाचून लोक हसले. पुढच्या वर्षी त्याच ओळीवरून दोन आळ्यांत चुरस लागली.

दारूच्या बाबतीत मोजण्याचा अनुभव कडू आहे. आपल्या राज्यात बायकांना मतदान करून दुकान बंद करण्याचा अधिकार आहे. आडवी बाटली म्हणतात ती हीच. पण झालेल्या मतदानाच्या निम्मी मतं पुरत नाहीत, एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून अधिक लागतात. म्हणजे जी आली नाही ती आपोआप उभ्या बाटलीकडे, दुकानाच्या बाजूनं, मोजली जाते. ज्या गावात मी हे जवळून पाहिलं, तिथं मतदानाच्या दिवशी लावणीचं काम होतं. रोजंदारीवर जाणाऱ्या बायकांना दिवस बुडवणं परवडेना. माहेरी गेलेल्या, पुण्या-मुंबईला राहणाऱ्या, मयत झालेल्या पण यादीत असलेल्या, अशा सगळ्यांनी आडव्या बाटलीचं पारडं हलकं केलं. मतं देणाऱ्या बहुतेक सगळ्यांनी बाटली आडवी केली होती, तरी दुकान राहिलं. त्या संध्याकाळी चावडीसमोर बसलेल्या बायकांचे चेहरे मी विसरू शकत नाही. त्यांनी पुढच्या खेपेला आधी मतदारयादी दुरुस्त करून घ्यायचं ठरवलं. एखाद्या गावाची इच्छा मोजायची तर माप असं हवं, की त्यात गैरहजेरीला नकार समजलं जाणार नाही. हे मत मी तेव्हाही मांडलं आणि आजही मांडते.

साताऱ्याची माती या बाबतीत मागे नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी साताऱ्यात ‘परिवर्तन’ हे व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं, बंडातात्या कराडकरांच्या व्यसनमुक्त युवक संघानं वारकरी वाटेनं हजारो तरुणांपर्यंत हा विषय नेला. दोघांच्या विचारांच्या वाटा वेगळ्या. पण दोघांनाही एक गोष्ट नेमकी कळली होती. दारू सोडणाऱ्याला एकटं सोडून चालत नाही, त्याला नवी सोबत द्यावी लागते. आमच्या पत्रकात म्हणून शेवटी प्रश्न होता: दारू सोडलेल्या माणसाला संध्याकाळी बसायला तुमच्या गावात जागा आहे का? बहुतेक गावं या प्रश्नापाशी थबकत. भजनी मंडळ, तालीम, वाचनालय यांतलं एखादं चालू असलेलं गाव पटकन हो म्हणे.

औषधांच्या बाबतीत मात्र मोजण्यानं काय होऊ शकतं ते मी चांगलं पाहिलं. उच्च रक्तदाब नियंत्रणाचा उपक्रम २०१७ मध्ये देशात सुरू झाला, आणि महाराष्ट्रातल्या सुरुवातीच्या मोजक्या जिल्ह्यांत सातारा होता. त्याचं माप मला आवडलं: नोंद झालेल्या रुग्णांपैकी किती जणांचं बीपी १४०/९० च्या खाली आलं, हे दर तिमाहीला पाहायचं. त्यात गुण मिळतो तो दवाखान्याला. हे प्रमाण घसरलं तर प्रश्न रुग्णाला विचारायचा नाही. गोळ्या होत्या का, मशीन चालू होतं का, नर्सबाईंची बदली झाली का, हे विचारायचं. पूर्वी गोळ्यांसाठी एक दिवसाची हजेरी आणि एसटीचं तिकीट मोडून कराडला यावं लागे. महिनाभराच्या गोळ्या गावच्या उपकेंद्रात मिळायला लागल्या, तेव्हा ‘गोळ्या घेत नाही’ असा शिक्का बसलेली माणसं नियमित गोळ्या घ्यायला लागली. माणसं तीच होती, दवाखाना जवळ आला होता.

आणि तरीही आमचं पत्रक अपुरं आहे हे एका हंगामात लख्ख दिसलं. एका गावाला भरपूर गुण मिळाले होते. त्याच गावाच्या शिवेबाहेर बीडकडून आलेल्या ऊसतोड कामगारांच्या कोप्या होत्या. पहाटे तीनला फडात जाणारी माणसं, त्यांच्या मागे कोपीत राहिलेली पोरं. दुकान त्यांना उधार देत नव्हतं, उपकेंद्राच्या यादीत त्यांची नावं नव्हती, नळ गावात होता. दिवाळीपासून पाडव्यापर्यंत, म्हणजे वर्षातले जवळजवळ पाच महिने, ही माणसं गावाची शेजारी असतात, आणि आमच्या गुणांत ती कुठंच नव्हती. त्यानंतर आम्ही नियम केला: मोजणीची सुरुवात गावात सर्वांत शेवटी राहणाऱ्याच्या दारातून. कोपीतून निघून पाणी, दुकान, गोळी, शाळा किती लांब, हे आधी लिहायचं. त्या नियमानं सगळ्याच गावांचे गुण घसरले. ते योग्यच झालं.

गुण घसरण्याची आणखी एक गोष्ट. पहिल्या वर्षापेक्षा दुसऱ्या वर्षी गुण कमी आले म्हणून एका सरपंचांनी मला ग्रामपंचायतीत बसवून घेतलं. “मॅडम, दिवे लावले, टपरी हलवली, तरी कमी कसं?” मी बायकांचं पत्रक पुढे ठेवलं. पहिल्या वर्षी त्यांनी सगळं चांगलंच लिहिलं होतं, कारण गावाची तक्रार बाहेरच्यांपुढे कशी करायची. दिवे लागले, आपण बोललो की काही होतं हे त्यांना पटलं, आणि दुसऱ्या वर्षी त्या मोकळेपणी बोलल्या. घसरलेला आकडा त्यांचा विश्वास वाढल्याची पावती होती. सरपंचांनी ते कागद दोनदा वाचले आणि पुढच्या महिला ग्रामसभेत स्वतः येऊन बसले.

आपल्या भागाला मोजून घेण्याचं भय नाही, हे मी अभिमानानं सांगते. आर. आर. पाटील ग्रामविकास मंत्री असताना २०००-०१ मध्ये संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं आणि गावांनी गुणांसाठी रस्ते झाडले, शौचालयं बांधली. स्वच्छ सर्वेक्षण २०२० मध्ये एक लाखाहून कमी लोकसंख्येच्या शहरांत कराड देशात पहिलं आलं. प्रीतिसंगमावर पहाटे फिरायला येणारी गर्दी पाहा, आगाशिवाचा डोंगर चढणारे म्हातारे पाहा. जागा स्वच्छ आणि मोकळी मिळाली की चालायला कुणाला सांगावं लागत नाही. गुणांसाठी माणसं एकत्र येतात, ही ताकद आहे. धोका एकच: समितीच्या दिवसापुरतं सगळं झाडून घ्यायचं. म्हणून आम्ही तारीख सांगून कधी मोजलं नाही, आणि गावागावांचे क्रमांकही लावले नाहीत. गावानं आपल्याच गेल्या वर्षाशी स्पर्धा करावी.

शेवटी एक गोष्ट मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सांगत आले. मोजायला गेलं की गावाला आशा लागते. आकडे घेऊन निघून जाणाऱ्या पाहण्या गावांनी खूप पाहिल्या आहेत, आणि त्यानंतर दारं बंद होतात. आम्ही आठवड्याच्या आत पत्रक गावाला परत द्यायचो, मोठ्यानं वाचून दाखवायचो आणि यंदा कोणती एक गोष्ट बदलायची हे गावालाच ठरवू द्यायचो. ‘आमचं गाव, आमचा विकास’ आराखड्यात ती एक ओळ घालून घ्यायची. खांबावरचा दिवा, टपरीची जागा, ज्वारीचा दिवस. छोट्या गोष्टी आहेत, पण त्या झाल्या. ज्याची एवढीही तयारी नाही, त्यानं मोजपट्टी घेऊन गावात जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

वाचणाऱ्यांतल्या कुणाला हे आपल्या गावात किंवा वॉर्डात करून पाहायचं असेल तर मोठ्या प्रश्नावलीची गरज नाही. शाळेच्या फाटकापासून टेप धरा. पाच रुपयांत पोराला काय मिळतं ते लिहा. एका बाईबरोबर तिच्या वेळेला, तिच्या वाटेनं चाला. गिरणीवाल्याला विचारा. गावाच्या टोकाला राहणाऱ्याच्या दारातून उपकेंद्रापर्यंत पायी जा. एवढं घेऊन पुढच्या महिला ग्रामसभेला उभं राहा, आणि जे मोजलं ते इतिवृत्तात लिहून घेतल्याशिवाय उठू नका.